कराचा पैसा आणि गावचा बांध

मंडळी, पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याखाली कुंडलिकेच्या खाडीकाठी कधी उधाणाच्या दिवशी उभे राहून पाहिले आहे का? ज्यांचे घरच तिथे आहे, त्यांना हे विचारायला नको. एका बाजूला खाडीचे पाणी फुगत असते, दुसऱ्या बाजूला भाताची शेते असतात, आणि मध्ये असतो मातीचा एक बांध. त्याला आपण बाहेरकाठा म्हणतो. उधाणाचे पाणी शेताच्या पातळीच्या वर चढते. शेत वाचते ते त्या बांधामुळे. बांधाला एका जागी खांड गेली, की खारे पाणी आत शिरते. ते काही सातबारा पाहून शिरत नाही. ज्याच्या जमिनीपाशी बांध फुटला त्याचेही शेत जाते, आणि अर्ध्या कोसावर ज्याचे शेत आहे त्याचेही जाते. मग पुढची दोन-तीन वर्षे तिथे भाताचा दाणा होत नाही.

म्हणून आपल्या वाडवडिलांनी बांधाची जबाबदारी एकट्यादुकट्यावर टाकली नाही. गावची माणसे मिळून बांध राखायची, उघाडीची दारे पाहायची, खांड पडली तर रात्री-अपरात्री चिखल आणि पेंढा घेऊन धावायची. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, जुन्या महसुली व्यवहारात अशा जमिनींना ‘शिलोत्री’ म्हणत. तिथे कुळाला सरकारी साऱ्याशिवाय बाहेरकाठ्याच्या डागडुजीसाठी बिघ्याच्या मानाने आणखी भात द्यावे लागे. त्याचे नावच मुळी ‘शिलोत्री मण’ असे होते.

आता मला सांगा, हा शिलोत्री मण म्हणजे काय? तो एक करच होता. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायचे, थोडी असेल त्याने थोडे, आणि त्या सगळ्यातून जो बांध उभा राहायचा तो सगळ्यांचे शेत राखायचा. आज आपल्याला ज्या विषयावर बोलायचे आहे, तो विषय हाच आहे. कर कशासाठी द्यायचा? आणि जगात असे काही देश आहेत की जिथले लोक आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कर देतात आणि तरीही तो चालू ठेवतात, ते का?

तुमच्यापैकी कोणी लगेच म्हणेल, “अहो, कर आम्ही कुठे भरतो? इन्कमटॅक्स भरणारे ते शहरातले लोक. आम्ही गरीब शेतकरी.” हा पहिला गैरसमज. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, हे खरे. पण बाजारातून अंगाचा साबण आणला, पायात चप्पल घेतली, मोटारसायकलीत पेट्रोल भरले, घरावर पत्रा टाकला, की त्या किमतीतच कर बसलेला असतो. 1 जुलै 2017 पासून देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. पेट्रोल-डिझेल त्यात नाही, त्यावर केंद्राचा आणि राज्याचा वेगळा कर आहे. शिवाय ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टी आहेच. म्हणजे दगडखाणीवर काम करणारी बाईसुद्धा करदाती आहे. तिला पावती मिळत नाही, एवढाच फरक.

कर म्हटले की आपल्या मनात एक अढी असते आणि ती उगाच नाही. पेण-उरण भागाने मिठागरे पाहिलेली आहेत. ज्या माणसाने उन्हात मीठ पिकवायचे, त्यानेच ते कर देऊन विकत घ्यायचे, असा परक्या सरकारचा कायदा होता. 1930 साली त्या करावरून सारा देश उठला. तो कर 1947 साली रद्द झाला. पण लोक कशाविरुद्ध उठले होते, हे नीट ध्यानात घ्या. मिठाशिवाय कोणाचेच चालत नाही. श्रीमंत जेवढे मीठ खातो तेवढेच गरीबही खातो. म्हणजे त्या कराचे ओझे गरिबाच्या पाठीवर जास्त पडत होते, आणि तो पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. कोणताही कर पाहताना हे दोन प्रश्न विचारावेत. तो कोणाच्या पाठीवर बसतो? आणि त्याचे पुढे काय होते? मिठाचा कर दोन्ही प्रश्नांत नापास झाला. शिलोत्री मण, बांध नीट राखला जाई तोवर, दोन्हींत पास होत होता.

आता जरा दूर जाऊ. युरोपच्या उत्तरेला स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे असे थंड देश आहेत. डेन्मार्कमध्ये देशाच्या शंभर रुपये उत्पन्नामागे चाळीसहून अधिक रुपये कराच्या रूपाने सार्वजनिक तिजोरीत जातात. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये मिळून हा आकडा 18 च्या आसपास आहे. डेन्मार्कमध्ये आणि स्वीडनमध्ये बहुतेक वस्तूंवर 25 टक्के विक्रीकर आहे. पगारावरचा कर वेगळाच. तुम्ही म्हणाल, ही तर लूट झाली!

पण त्या बदल्यात काय मिळते तेही पाहा. डेन्मार्कमधला माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे जातो आणि पाकीट न काढता परत येतो. शस्त्रक्रिया झाली तरी इस्पितळाचे बिल येत नाही. मुलाला शाळेची फी नाही, विद्यापीठाचीही नाही. उलट शिकणाऱ्या तरुणाला खर्चासाठी दरमहा सरकारी मदत मिळते. म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळते, मग तो माणूस कारकून असो की शेतमजूर. सगळेच काही फुकट नाही. मोठ्या माणसाला दात दाखवायला तिथेही पैसे लागतात. पण दुखण्यापायी कोणाला जमीन गहाण टाकावी लागत नाही.

“ते देश मुळातच श्रीमंत,” असे कोणी म्हणेल. तर तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी स्वीडनमधून दहा लाखांहून अधिक माणसे पोटासाठी अमेरिकेला निघून गेली. आपल्या कोकणातून जशी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तसेच ते. त्याच काळात, 1913 साली, स्वीडनने सर्व वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला. 1948 साली प्रत्येक मुलामागे भत्ता सुरू झाला; गरिबाच्याही मुलाला आणि कारखानदाराच्याही मुलाला. 1950 च्या सुमारास त्या देशातला कराचा वाटा शंभरात 20 च्या आसपास होता, आज आपला आहे साधारण तेवढाच. 1990 पर्यंत तो 50 च्या घरात गेला. म्हणजे एका रात्रीत कोणी कर दुप्पट केला नाही. लोकांनी थोडे दिले, त्याचे फळ दारात पाहिले, मग आणखी दिले.

इथे या सगळ्या गोष्टीची मेख आहे. कारखानदाराच्या मुलालाही भत्ता कशाला, असे आपल्याला वाटते. पण विचार करा. ज्या शाळेत मामलेदाराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा शेजारी बसतात, त्या शाळेचे छप्पर गळू लागले तर मामलेदार गप्प बसेल का? ज्या इस्पितळात डॉक्टरांची आई भरती होते, तिथे औषध संपून चालेल का? ज्याच्या हातात आवाज आहे, त्याचीही गरज त्याच सोयीत गुंतली, की सोय चांगली राहते. आणि सोय चांगली राहिली, की तो करही मनापासून देतो. उलट जिथे पैसेवाला आपले मूल खाजगी शाळेत घालतो आणि दुखणे खाजगी दवाखान्यात नेतो, तिथे त्याला वाटते, “मी कर देतो तो दुसऱ्यांसाठी.” मग सरकारी दवाखाना म्हणजे धर्मादाय होतो, आणि धर्मादायाची वस्तू कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. बांधाचेही तसेच आहे. सधन शेतकऱ्याने आपल्या शेताभोवती वेगळा उंच बांध घातला, तर गावच्या बाहेरकाठ्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही.

हे सारे परदेशातलेच, असे समजू नका. महाराष्ट्रात याचे एक ठळक उदाहरण आहे, आणि गुरुजींनो, ते तुमच्या खिशातले आहे.

आपल्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. दरमहा 200 रुपये, आणि फेब्रुवारीत 300. अकरा महिन्यांचे 2200 आणि फेब्रुवारीचे 300 मिळून 2500 होतात. घटनेच्या 276 व्या कलमाने या कराला घातलेली वार्षिक मर्यादा तेवढीच आहे. ही कपात पाहून आपण दरमहा नाक मुरडतो. पण हा कर आला कशासाठी?

विठ्ठल सखाराम पागे हे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यातल्या ज्या माणसाला काम हवे त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी ठरवावी, असा विचार त्यांनी मांडला, आणि 1965 साली सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. पुढे 1972 चा भीषण दुष्काळ पडला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. लाखो माणसे खडी फोडायला, तलाव खणायला, रस्ते बांधायला कामावर आली आणि जगली. दुष्काळ सरल्यावर प्रश्न आला, की ही हमी कायमची करायची तर पैसा कुठून आणायचा? तेव्हा 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा, तो रोजगार हमीच्या निधीत टाकायचा, आणि तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ती रचना होती. 1977 साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. घटनेच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क हे राज्याचे ध्येय म्हणून लिहिलेले आहे; महाराष्ट्राने त्या ध्येयाला कायद्याचे रूप दिले आणि त्याच्या मागे एक कर उभा केला. पुढे 2005 साली केंद्र सरकारने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

मुंबईच्या कचेरीतला कारकून कर देतो आणि मराठवाड्यातला मजूर त्यातून तळे खणतो. यात कारकुनाचे काय हित? गावात काम नसले की गाव शहराच्या रस्त्यावर येतो. तळे झाले की धान्य पिकते आणि ते शहरच खाते. आपल्या कोकणापुरते बोलायचे तर 1990 पासून रोजगार हमीशी फळबाग लागवडीची जोड घातली गेली. डोंगरउतारावरच्या ज्या वरकस जमिनीत नाचणी-वरीपलीकडे काही होत नव्हते, तिथे आंब्या-काजूची कलमे उभी राहिली. त्या कलमाच्या मुळाशी कोणातरी गुरुजींच्या पगारातली कपात आहे.

पेण आणि रोहे तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवर शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना या विषयाची धग मी सांगायला नको. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की पटावरची मुले कमी होऊ लागतात. आईबापांनी उचल घेतलेली असते. ते वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि मुलांनाही नेतात. पावसाळ्याच्या तोंडी मूल परत येते, तेव्हा अक्षरे विसरलेले असते. त्या घराला गावातच वेळेवर काम आणि वेळेवर मजुरी मिळाली असती, तर ते मूल वर्गात बसले असते. मजुरी दोन महिने अडकली, तर तो बाप पुन्हा उचल घेणार. म्हणून नुसता कर गोळा झाला एवढ्याने भागत नाही. तो ज्याच्यासाठी घेतला त्याच्या हातात तो दिवसावर पडला पाहिजे.

दुखण्याचेही तसेच. शंभर घरांचे गाव धरा. यंदा कोणत्या दोन घरांत मोठे आजारपण येईल, हे कोणाला ठाऊक नसते. ज्या घरात येते त्याचे दागिने जातात, बैल जातात, मुलीचे शिक्षण थांबते. शंभर घरांनी आधीच थोडे थोडे बाजूला ठेवले, तर कोणतेच घर बुडत नाही. सरकारी आरोग्य योजना म्हणजे हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर. 2012 साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत शुल्क घेणे बंद झाले. निराधारांना संजय गांधी योजनेतून मिळणारी रक्कम त्याच वर्षी दरमहा 1500 रुपये करण्यात आली. यातला प्रत्येक रुपया करातून येतो. दुसरे झाड नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. “गुरुजी, कर भरतो पण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो,” असे खारेपाटातली बाई म्हणाली, तर तिला काय उत्तर द्यायचे? तिचे म्हणणे खरे आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी स्थिती असली तर जाते जोरात फिरवून उपयोग नाही. आधी कुत्रे हाकलले पाहिजे.

शिवाय सगळेच कर न्यायाचे असतात असे नाही. तो व्यवसाय कराचा आकडाच पाहा. 2500 ची मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीने ठरली. पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना यातून सूट आहे, हे चांगलेच. पण बाराचौदा हजार मिळवणारा शिपाई आणि दोन लाख मिळवणारा साहेब दोघेही वर्षाला तेवढेच 2500 देतात. हे शिलोत्री मणाच्या न्यायाला धरून नाही. तिथे बिघे मोजत असत.

श्रीमंतांकडून जास्त घेण्याचे प्रयत्न आपल्या देशाने केलेले आहेत, आणि त्यांत रोह्याचे एक नाव आहे. चिंतामणराव देशमुखांचा जन्म रायगडाजवळच्या नाते गावचा, पण बालपण बरेचसे रोह्यात गेले. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, आणि 1950 ते 1956 देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या कारकिर्दीत, 1953 साली, मालमत्ता शुल्काचा कायदा झाला. मोठी इस्टेट मागे ठेवून माणूस गेला, की तिचा काही भाग समाजाला मिळावा, हे त्याचे तत्त्व. पण तो कर 1985 साली रद्द झाला, कारण वसुली थोडी आणि कज्जे-खटले फार. संपत्ती करही 2015 च्या अर्थसंकल्पाने गेला. स्वीडननेही 1990 नंतरच्या अडचणीच्या काळात कर आणि लाभ दोन्ही आखडते घेतले, आणि 2007 साली आपला संपत्ती कर काढून टाकला. म्हणजे कर तत्त्वाने चांगला असून भागत नाही. तो वसूल होण्याजोगा हवा. ज्या बांधाला वरून माती घालतो आणि खालून खेकडे भोके पाडतात, तो बांध नुसत्या मातीने टिकत नाही.

मग आपण काय करायचे? दोन गोष्टी सांगतो. दोन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

शिक्षकांनी एक दिवस गणिताच्या तासाला फळ्यावर दोन रकाने पाडावेत. एका बाजूला मुलांकडून काढून घ्यावे, की घरात गेल्या महिन्यात काय काय विकत आणले. दुसऱ्या बाजूला लिहावे, की त्याच महिन्यात सरकारकडून काय मिळाले: शाळा, दुपारचे जेवण, पाठ्यपुस्तक, धाकट्या भावाची लस, आजीचे निराधार योजनेचे पैसे, एस.टी.चा रस्ता. मुलांना आपोआप कळेल की डावा रकाना आणि उजवा रकाना एकमेकांना जोडलेले आहेत. एकदा हे कळले, की रस्त्यातला खड्डा हा ‘सरकारचा’ खड्डा राहत नाही. तो आपल्या पैशात पडलेला खड्डा होतो.

आणि गावकऱ्यांनी ग्रामसभेला जावे. घरपट्टी थकवून ग्रामसभेत जोरात बोलता येत नाही, आणि घरपट्टी भरून घरी बसणाराही अर्धेच काम करतो. पट्टी भरावी, पावती घ्यावी, आणि जमाखर्च वाचून दाखवायला सांगावे. दिव्याचे किती, पाण्याचे किती, अंगणवाडीचे किती? समजले नाही तर पुन्हा विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. शिलोत्री मण देणारा कुळवाडी पावसाआधी बांधावर चालत जाऊन पाहत असे, की आपण दिलेल्या भाताची माती खरोखर पडली आहे की नाही.

पाऊस आता फार लांब नाही. तुमच्या गावची ग्रामसभा कधी आहे, तेवढे पंचायतीत आजच विचारून ठेवा.